अवघड जागेचं दुखणं

आजच्या भागात पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे माझ्या बाबांच्या पायाचं दुखणं. त्यांना विचारूनच बोलतोय. ते म्हणाले, "सांग. पन माहं नाव नको घेऊ." म्हणून नाव घेत नाही. गाव मात्र सांगतो, बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ. बेंबळा धरण ज्या तालुक्यात आहे, तो आमचा तालुका.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. मी डॉक्टर नाही, बीटेक झालेला सॉफ्टवेअरवाला आहे. आज जे सांगणार आहे, ते डॉक्टरांकडून समजून घेतलेलं, वाचलेलं आणि घरात भोगलेलं आहे. औषध तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. माझं काम एवढंच, की आमचे जे पाच महिने वाया गेले, ते तुमचे जाऊ नयेत.

तर, बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला एका दिवाळीच्या सुमारास. वय चौसष्ट. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे. आम्हाला वाटलं वयाचं असेल. मग पीएसएची रक्ततपासणी झाली, बायोप्सी झाली आणि नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. कॅन्सर प्रोस्टेटच्या बाहेर लांब पसरला नव्हता, पण जोखमीचा होता. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे दोन वर्षं हार्मोनचं इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. दुसरी म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे त्याला कुणी रेडिएशन म्हणत नाही, 'शेक' म्हणतात, नाहीतर 'लाईट देणं'.

शेक एप्रिल-मे महिन्यात झाला. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, एकूण पंचवीस वेळा. रुग्णालयाजवळ खोली घेतली होती. रोजचा कार्यक्रम ठरलेला. आधी लघवी करून यायची, मग मोजून पाणी प्यायचं, मग लघवी धरून बसायचं, म्हणजे मूत्राशय भरलेलं राहतं आणि शेक नेमका बसतो. रांगेत सगळे साठी-सत्तरीचे पुरुष, सगळे लघवी धरून बसलेले. बाबा म्हणायचे, "आमची शाळा भरली." खर्च जनआरोग्य योजनेतून झाला. पीएसए एकदम खाली आला. बाबा गावी परतले आणि जूनमध्ये पेरणीला वावरात हजर. आम्हाला वाटलं, सुटलो.

दुखणं सुरू झालं पुढच्या वर्षीच्या पोळ्याला. म्हणजे शेक संपून जवळजवळ सव्वा वर्ष झालेलं. मी पुण्यात होतो. फोनवर आई म्हणाली, "बाबाचा पाय दुखते म्हणतात." बाबांना विचारलं, तर म्हणाले, "काई नाई रे. पाय दुखते जरासा. चिखलात चालनं झालं ना."

पाय दुखतो. हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. पुढचे पाच महिने आमच्या घरात, दवाखान्यात, मेडिकलच्या दुकानात, सगळीकडे हेच दोन शब्द फिरले.

पाय दुखतो म्हटल्यावर कंबरेचा एक्स-रे निघाला. रिपोर्ट आला, 'मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे.' आता पासष्टीच्या शेतकऱ्याच्या मणक्यात काही ना काही निघणारच, पोती उचलून आयुष्य गेलेलं. पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या. गोळ्या घेतल्या की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगितलं, अमुक गावात एक जण मालिश करून नस मोकळी करून देतो. बाबा तिकडे जाऊन आले. तीन वेळा. त्याने पाय ओढून, वाकवून, जोर लावून चोळला. तिसऱ्या वेळेनंतर बाबांना एसटीची पायरी चढवेना.

तोवर गावात दोन मतं झाली होती. एक म्हणजे "शेकाची गरमी अंगात राहिली." दुसरं मत कुणी तोंडावर बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात होतं. माझ्याही. की ते परत आलं.

मी जानेवारीत घरी आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी काही गोष्टी पाहिल्या. बाबा पाटावर बसत नव्हते, खुर्चीवर जेवत होते. पायजमा घालताना खाटेवर बसून उजवा पाय हाताने उचलून आत घालत होते. ऑटोत बसताना आधी बूड टेकवायचे, मग पायजम्याला धरून पाय आत ओढून घ्यायचे. वावरात जाणं थांबलेलंच, कारण धुऱ्यावरून पाय टाकता येत नव्हता. आई म्हणाली, रात्री कूस बदलताना विव्हळतात. हे सगळं डोळ्यांसमोर होतं आणि तरी आम्ही म्हणत होतो 'पाय दुखतो.' पाय कुठे दुखतो, हे कुणी विचारलंच नाही. विचारलं तरी बाबा मांडीवरून हात फिरवून दाखवायचे, असा सगळा.

नागपूरला जिथे शेक झाला होता, तिथेच घेऊन गेलो. मी आपला हुशार माणूस. फाईल घेतलेली, तारखांची यादी केलेली. आई बाबांच्या बाजूला बसलेली. डॉक्टरांनी विचारलं, "काका, कुठे दुखतं?" बाबांच्या आधी मीच सांगायला लागलो. डॉक्टरांनी मला थांबवलं. म्हणाले, "काका, एक बोट ठेवून दाखवा. एकच बोट." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पुन्हा मांडीवरून हात फिरवला.

डॉक्टर आम्हाला म्हणाले, "तुम्ही दोघं जरा बाहेर थांबता का?"

आम्ही बाहेर आलो. पाच मिनिटांनी आत बोलावलं. बाबांनी बोट ठेवलं होतं जांघेत. अगदी आत, जिथे मांडी संपते आणि समोरचं हाड सुरू होतं तिथे. दुसरं बोट मागे, ढुंगणाच्या वर, माकडहाडाच्या बाजूला. दुखणं तिथून निघून मांडीत उतरत होतं. पाच महिने हेच होतं. नंतर मी विचारलं, बाबा, आम्हाला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "आता तुले काय सांगू? पोराले असं सांगत असते का?"

आपल्याकडे म्हणच आहे, अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य. आपण ती हसण्यासाठी वापरतो. आमच्या घरात जावई नव्हता, मुलगा होता. फाईल हातात धरून खोलीत बसलेला मुलगा. बाबांच्या आणि उपचारांच्या मधे मीच बसलो होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग एमआरआय झाला. रिपोर्ट संध्याकाळी फोनवर आला. मी रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये उभा राहून वाचला. त्रिकास्थीत, म्हणजे कंबरेच्या खालच्या त्रिकोणी हाडात दोन्ही बाजूंना, आणि समोरच्या जांघेजवळच्या हाडात बदल दिसत होते. शेवटची ओळ अशी होती, की कॅन्सर हाडात पसरल्याची शक्यता नाकारता येत नाही. बाबा चहाच्या टपरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय लिवलं हाय?" मी म्हणालो, उद्या डॉक्टर सांगतील. त्या रात्री खोलीत कुणीच झोपलं नाही, आणि झोपलो नाही हे कुणी कुणाला सांगितलंही नाही.

सकाळी डॉक्टरांनी तीन गोष्टी एकत्र ठेवल्या. पहिली, पीएसए. तो अजूनही तळाशी होता. तेवढ्यावर कॅन्सर नाहीच असं म्हणता येत नाही, पण ते चांगलं लक्षण. दुसरी, शेकाचा जुना नकाशा. रेडिएशन कुठून, किती, कोणत्या भागाला दिलं, याची आखणी संगणकात असते. एमआरआयवर दिसणारे डाग बरोबर त्या आखणीच्या हद्दीत होते, हद्दीबाहेर एकही नव्हता. तिसरी, सीटी स्कॅन. त्यात हाडाला गेलेली बारीक तडा स्पष्ट दिसली. डॉक्टर म्हणाले, "काका, हाड मोडलंय. कॅन्सर नाही."

बाबा म्हणाले, "मोडलं? मी तं पडलोच नाई."

आणि मग थोडं थांबून, "म्हनजे नुस्तं मोडलंच हाय ना? मंग काई नाई."

आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं हाड मोडल्याचं ऐकून मला रडू आलं आणि ते आनंदाचं होतं.

आता हे न पडता हाड कसं मोडतं, ते सांगतो. आमच्याकडे जुन्या घरांना कुडाची भिंत असते. तिला दरवर्षी लिंपण करावं लागतं. पावसाने माती झरते, आपण नवी चढवतो, म्हणून भिंत उभी राहते. हाडाचंही तसंच. शरीर रोज थोडं जुनं हाड काढतं आणि नवं भरतं. शेकाचे किरण कॅन्सरच्या पेशी मारतात, पण वाटेतल्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांना आणि नवं हाड भरणाऱ्या पेशींनाही मार बसतो. म्हणजे लिंपण करणारे हात कमी होतात. भिंत लगेच पडत नाही. महिन्यांनी, कधी वर्षांनी, रोजच्या चालण्या-बसण्याच्या वजनानेच तडा जाते. डॉक्टर याला इन्सफिशियन्सी फ्रॅक्चर म्हणतात. त्रिकास्थीत ते जास्त होतं, समोरच्या हाडातही होतं. साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, आणि एमआरआयमध्ये दिसलं तर पसरलेल्या कॅन्सरसारखं वाटू शकतं. दोन्ही बाजूंनी फसवणारं दुखणं.

त्यात भर हार्मोनच्या इंजेक्शनची. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर वाढतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. म्हणून ते हार्मोन बंद करतात. पण तेच हार्मोन पुरुषाचं हाडही सांभाळत असतं. ते बंद झालं की हाड विरळ होऊ लागतं, आणि पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने. बाबांची डेक्सा तपासणी, म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी, तेव्हा पहिल्यांदा झाली. हाडं ठिसूळ निघाली. ड जीवनसत्त्वही कमी. उन्हात जन्म काढलेल्या माणसाचं! ही तपासणी इंजेक्शन सुरू करतानाच मागून घ्यायला हवी होती. आम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे.

इथे कुणी असा अर्थ काढू नका की शेक घेऊ नये. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांचा एक अभ्यास झाला, २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. बाबांसारखेच जोखमीचे रुग्ण, सगळ्यांना किमान दोन वर्षं हार्मोन उपचार. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटच्या भागात शेक, निम्म्यांना त्यासोबत ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींनाही. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढता राहिलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ८१.२ टक्के होतं, दुसऱ्यात ९५ टक्के. उपचार काम करतात. बाबा आज आहेत ते त्यामुळेच. फक्त मोठ्या भागात शेक म्हणजे जास्त हाड त्या हद्दीत येतं, हे मनात ठेवायचं आणि नंतरच्या दुखण्याकडे त्या नजरेने पाहायचं.

बाबांचा उपचार फार मोठा नव्हता. मालिश पूर्ण बंद. वावर बंद. तीन महिने वॉकर, वजन कमी टाकायचं, पण खाटेवर पडूनही राहायचं नाही, रोज थोडं चालायचं. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्याच. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि हाड घट्ट करणारं एक इंजेक्शन. त्या इंजेक्शनआधी किडनीची तपासणी आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवणं आवश्यक असतं, कारण क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होतो. बाबांची एक सडकी दाढ आधी काढावी लागली. ती जखम भरेपर्यंत थांबलो. दुखणं हळूहळू उतरलं. चौथ्या महिन्यात रात्रीची झोप लागायला लागली. आजही जास्त चालले की ठणकतं, सगळं गेलं असं मी म्हणणार नाही. पण ते पाटावर बसतात.

आता तुमच्यासाठी. शेकानंतर जांघेत किंवा पायात दुखलं म्हणजे प्रत्येक वेळी हेच असेल असं नाही. बरीच कारणं असू शकतात, आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे.

खुब्याचा सांधा झिजला किंवा खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला, तर दुखणं जांघेतच जाणवतं. कधी कधी तर ते थेट गुडघ्यात जाणवतं आणि माणूस गुडघ्याला तेल लावत बसतो.

पायात दुखण्यापेक्षा मुंग्या, बधिरपणा आणि अशक्तपणा जास्त असेल, चालताना पाऊल घासत असेल, तर ओटीपोटातल्या नसांच्या जाळ्याला इजा झालेली असू शकते. ती शेकाने उशिरा होऊ शकते, कॅन्सरनेही होऊ शकते.

पाय जड झाला, हळूहळू सुजला, जांघेत नाहीतर अंडकोषाच्या पिशवीत सूज आली, तर लसिकेचा प्रवाह अडलेला असू शकतो. पण एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली, गरम लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. त्यात उशीर करायचा नाही. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर मुळीच नाही.

समोरच्या हाडावर तीव्र दुखणं, चालताना बदकासारखं डुलणं, सोबत ताप किंवा लघवीचा त्रास, असं असेल तर त्या हाडात जंतुसंसर्ग झालाय का, हे पाहावं लागतं. लघवीच्या मार्गावर नंतर काही शस्त्रक्रिया झाली असेल, तर हे आवर्जून सांगा.

साधा हर्नियाही असू शकतो. आणि हो, कॅन्सर परत आलेलाही असू शकतो. म्हणून तर तपासायचं.

आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पाठीत नवं दुखणं आणि पायातली ताकद जाते आहे, बसायच्या जागेभोवती बधिर लागतंय, लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटतोय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्रीच गाडी काढायची. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, आणि तिथे काही तासांच्या उशिरानेही माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

आता चार कामं सांगतो.

एक. शेक संपतो त्या दिवशी उपचाराचा लेखी गोषवारा मागून घ्या. किती डोस, किती वेळा, कोणत्या भागाला, कोणत्या तारखा. हार्मोनच्या इंजेक्शनच्या तारखाही त्यातच. फोटो काढून घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा. पुढे पाय दुखतो म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात, तरी पहिलं वाक्य हे असलं पाहिजे, 'यांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ओटीपोटात शेक दिलाय.' आम्ही कंबरेच्या एक्स-रेच्या वेळी हे सांगितलंच नाही. तिथल्या डॉक्टरांना काय दोष देऊ?

दोन. मालिश, ओढणं, चोळणं नको. कारण कळेपर्यंत तर नाहीच. आणि मेडिकलमधून महिनोन्‌महिने दुखण्याच्या गोळ्या नकोत, किडनी आणि पोट दोन्ही बिघडतं.

तीन. एक वही करा. मी माझ्या कामात प्रोग्राम बिघडला की आधी नोंदी पाहतो, कधी बिघडला, काय केल्यावर बिघडला. दुखण्याचंही तसंच. बोट कुठे ठेवलं, कधी सुरू झालं, चालताना वाढतं की बसताना, रात्री झोपेतून उठवतं का, खोकलल्यावर दुखतं का, कशाने कमी होतं. दिवसाला दोन ओळी पुरतात.

चार. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड. डॉक्टरांसमोर थोडा वेळ बाहेर थांबा. स्वतःहून म्हणा, "बाबा, तुम्ही बोला, मी बाहेर आहे." आपल्या वडिलांची पिढी अशी आहे, की कॅन्सर झाला हे सांगतील, पण जांघेत दुखतं हे सांगणार नाहीत. त्यांना बदलायला वेळ नाही. खोलीतून बाहेर पडायला मात्र आपल्याला एक मिनिट लागतं.

आता शेवटचं. मागच्या महिन्यात घरी गेलो होतो. शेजारच्या गल्लीतले एक काका बाबांकडे आले होते, त्यांचाही नुकताच शेक झालाय. मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. त्यांचं बोलणं सुरू झालं, पाय दुखतो वगैरे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू जरा चहाचं सांगून ये आईले."

मी उठलो. आत जाता जाता कानावर आलं, "हां, आता बोट ठिवून दाखवा."

आजच्यापुरतं इतकंच. हा भाग ऐकून किंवा वाचून कुणाला आपल्या घरातलं माणूस आठवलं असेल, तर आज रात्रीच फोन करा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.